बाजाराच्या रस्त्यावर आकड्याचं दुकान नको



दापोडीच्या बाजारात एखादा गाळा रिकामा झाला की तिथं आता काय येणार, याची चर्चा लगेच सुरू होते. मेडिकल आलं, बेकरी आली तर सगळे खूश. पण ‘व्हिडिओ गेम’ किंवा ‘ऑनलाइन लॉटरी’चा बोर्ड लागणार असं नुसतं कानावर आलं, तरी या बोर्डाआड जुगाराचा अड्डा निघेल, या भीतीनं आसपासच्या घरांतल्या बायकांच्या जिवाला घोर लागतो. आज मी त्यांच्या बाजूनं बोलणार आहे. अशा दुकानाला परवाना द्यायचा की नाही, हे त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय ठरता कामा नये.

दापोडी हे कामगारांचं गाव. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा इथलीच. भोसरी-चाकणच्या कंपन्यांत जाणारे कितीतरी जण लोकलनं, मेट्रोनं, कंपनीच्या बसनं परततात आणि बाजारातून घरी जातात. पगाराच्या संध्याकाळी वाण्याची उधारी, दुधाचं बिल, मुलाच्या क्लासची फी याच रस्त्यावर चुकती होते. जुगारवाल्याला नेमका हाच रस्ता हवा असतो, कारण पैसा घरी पोचायच्या आधी इथं खिशात असतो.

अशा गाळ्याच्या आत काय चालतं, त्याचा हिशेब एकदा मांडून बघा. मटक्याचा जुना भाव सगळ्यांना ठाऊक आहे: शून्य ते नऊ असे दहा आकडे, एका आकड्यावर दहा रुपये लावायचे आणि लागला तर नव्वद घ्यायचे. दहाही आकड्यांवर लावले तर शंभर जातात आणि नव्वद येतात. म्हणजे दर फेरीला शंभरातले दहा अड्डेवाल्याचे. मटक्यात ओपन आणि क्लोज असे दिवसाला दोनच आकडे निघायचे. पडद्यावरच्या खेळात काही मिनिटांत एक फेरी उरकते. याच भावानं, हाती उरलेले पैसे पुन्हा पुन्हा लावत गेलं, तर दहा फेऱ्यांनंतर शंभराचे सरासरी पस्तीस राहतात. कुणाचं नशीब एखाद्या दिवशी उजळेलही. पण रोज बसणाऱ्याचा पगार या हिशेबातून सुटत नाही. काचेला काळी फिल्म, शटर अर्धं खाली, आणि बाहेर पायरीशी ताटकळणारा एखादा पोरगा, ज्याला आईनं बाबांना बोलवायला धाडलेलं असतं. त्यानं आत जायचं तरी कसं?

‘स्वतःच्या पैशानं खेळतात, तुमचं काय जातं?’ असं विचारणारे भेटतात. त्यांनी गोव्याकडे बघावं. तिथं 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना आणि 1996 मध्ये बोटींवरच्या कॅसिनोंना कायद्यानं वाट मोकळी करून दिली. मांडवी नदीतल्या या बोटींविरुद्ध पणजीकर वर्षानुवर्षं आवाज उठवत आले. आणि गोव्याच्याच सरकारनं 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जायला बंदी केली. ज्या राज्याला या धंद्यातून महसूल मिळतो, त्यालाही आपली माणसं त्यापासून लांब ठेवावीशी वाटली.

आपल्या राज्यानं कॅसिनोसाठी 1976 मध्ये कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही, आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. हे उत्तमच झालं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या नव्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण मोबाइलवर बंद झालेला खेळ गाळ्यात शिरू नये, यासाठी आपल्यालाच जागं राहावं लागेल. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत, आणि परवाना मागणारा प्रत्येक जण ‘आमचा खेळ कौशल्याचाच’ असं सांगत येतो. करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचं काम आपल्याकडे पोलीस आयुक्तालयाचं. तिथं गल्लीतल्या बाईचं मत विचारलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

दारूच्या दुकानाबाबत मात्र बायकांच्या मताला हक्काची जागा आहे! वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होतं. महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी बायकांनी अशी बाटली आडवी केली आहे. दारूनं जो संसार मोडतो तोच आकड्यानंही मोडतो. मग हा हक्क इथं का नको? राज्य सरकारनं तो द्यावा, अशी माझी मागणी आहे.

तो मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. गाळ्याचा पत्ता, शेजारी शाळा, क्लास किंवा देऊळ असेल तर तेही लिहून, सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज बोर्ड लागण्याआधीच आयुक्तालयात आणि महापालिकेत द्या. पोच घ्यायला विसरू नका. अर्जाची एक प्रत गाळामालकाला नेऊन द्या आणि शांतपणे सांगा, की जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम 4 फक्त अड्डा चालवणाऱ्यापुरतं नाही. ठाऊक असूनही जुगाराला जागा वापरू देणारा मालकही त्यात येतो.