चांदीची बॅट आणि मातीचे भांडे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



स्मृति नगरात राहणाऱ्या मंडळींसमोर स्मृतिचिन्हांविषयी बोलावे, हा योग संयोजकांनी मुद्दाम जुळवून आणला की आपोआप जुळला, हे आम्हांस ठाऊक नाही. विषय मात्र आमच्या आवडीचा आहे. जुन्या क्रिकेटच्या बॅटी, टोप्या, स्वाक्षऱ्या, तिकिटे, धावफलकांच्या वह्या यांचा संग्रह करण्याचा हा छंद. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि पुढची तीस वर्षे बदल्यांच्या निमित्ताने ट्रंका बांधण्यात व सोडण्यात घालविली. किमती जंगम वस्तूचा व्यवहार केला तर तो कार्यालयास कळवावा लागतो, असा आमच्या सेवेचा नियम आहे. तेव्हा ज्या चांदीच्या बॅटीविषयी आम्ही बोलणार आहोत तशी वस्तू आमच्या घरी कधीच येणार नाही, याची खात्री बाळगून आपण ऐकावे.

या छंदाचे खरे माहेरघर अमेरिका, आणि तेथील खेळ बेसबॉल. १९०९ ते १९११ या काळात तेथील एक तंबाखू कंपनी सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रे घालीत असे. त्यांपैकी होनस वॅग्नर या खेळाडूचे चित्र अल्पकाळच निघाले. आज त्याच्या साठाएक प्रती ठाऊक आहेत, आणि त्यांतील एक २०२२ साली बहात्तर लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकली गेली. २०२४ साली बेब रूथ यांचा १९३२ मधला एक अंगरखा दोन कोटी चाळीस लाख डॉलरांपलीकडे गेला. हे आकडे ऐकून आपल्याला हसू येईल. पण आपल्याकडील मुलांनीही बबलगमच्या वेष्टनांवरील 'धावा' जमविल्याच आहेत. १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी बिस्किटांच्या पुड्यांवरील धावांची बेरीज करीत बसलेली घरे या सभागृहात खचितच असतील. वेष्टने कंपनीकडे गेली, पुस्तिका रद्दीत गेल्या. फरक असलाच तर तो एवढाच, की तिकडे कोणी तरी ती जपून ठेवली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपुरात झाला. आपल्यापैकी निम्म्या लोकांचे आजोळ ज्या शहरात आहे त्याच शहरातला हा माणूस. १९२६ च्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेस मुंबईच्या जिमखान्यावर आर्थर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी १५३ धावा काढल्या आणि त्यांत अकरा षटकार मारले. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. त्याच दौऱ्यात पुण्याच्या प्राध्यापक दि. ब. देवधरांनी याच संघाविरुद्ध १४८ धावा केल्या. भारत कसोटी सामने खेळण्यास पात्र आहे हे ज्या खेळींनी सिद्ध झाले त्यांत या दोहोंची गणना होते. १९३२ साली लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना झाला तेव्हा नायडूच कर्णधार होते. संग्राहकाच्या दृष्टीने चांदीची बॅट ही आदर्श वस्तू. ती मौल्यवान आहे, देखणी आहे, तिच्यामागचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. अशी वस्तू सहसा नाहीशी होत नाही. तिला घर मिळते.

परंतु त्याच मैदानांवरील दुसरी एक वस्तू पाहा. पालवणकर बाळू हे १८७६ साली चांभार कुटुंबात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्यात दरमहा चार रुपयांवर ते खेळपट्टी राखीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. पुढे पुण्याच्या हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकणे कठीण होते. मैदानावर सर्वांचा हात ज्या चेंडूला लागे त्याच चेंडूला बाळूंचाही लागे. चहाची वेळ झाली की इतर खेळाडूंना मंडपात चिनीमातीच्या कपांतून चहा मिळे, आणि बाळूंना मंडपाबाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा या माणसाने दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण त्यांना त्यांच्या संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

ते मातीचे भांडे आज कोणत्याही संग्रहालयात नाही, आणि असणेही शक्य नाही. ते फुटावे म्हणूनच दिलेले होते. आम्हांस असे वाटते, की भारतीय क्रिकेटचे सर्वांत बोलके स्मृतिचिन्ह जर कोणते असेल तर ते हेच. चांदीची बॅट पाहून एका दुपारचा पराक्रम कळतो. त्या भांड्यावरून अख्खा समाज कळला असता. मग हा प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचला तरी कसा? कागदामुळे. विठ्ठल पालवणकरांनी 'माझे क्रीडा-जीवन' या नावाचे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा पालवणकर बंधूंची हकिकत जगासमोर आली. त्या लेखनाला या मराठी पुस्तकाचा मोठा आधार आहे. ते एखाद्या कपाटात टिकून राहिले नसते, तर बाळूंचे नाव बळींच्या कोष्टकापुरते उरले असते.

येथे आम्हांस मुद्दाम थांबावेसे वाटते, कारण हा प्रश्न आपल्यासारख्या घरांचा आहे. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबात आजोबा वारल्यावर ट्रंक उघडली जाते. तीत इंग्रजी कागद असतील तर नातू ते चाळून पाहतो. मराठी कागद असतील, तर अक्षर ओळखीचे असूनही वाचण्याचा कंटाळा येतो, आणि रद्दीवाल्याच्या तराजूत पहिला गठ्ठा मराठीचाच पडतो. बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन आकाशवाणीवर ऐकता ऐकता वहीत उतरविलेला धावफलक, संदीप पाटील यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या 'षटकार'चे अंक, गावच्या स्पर्धेची छापील पत्रिका या वस्तूंना बाजारभाव नाही, म्हणून त्या जातात. बॅट कोणी टाकून देत नाही.

वहीचे मोल बॅटीहून अधिक कसे, हे पाहावयाचे तर भाऊसाहेब निंबाळकरांची खेळी घ्यावी. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी सामना चालू होता. निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते, महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या, आणि डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावा दूर होता. उपाहारानंतर काठेवाडचा संघ मैदानात उतरलाच नाही. त्याने सामना सोडून दिला. निंबाळकर पुढे एकही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत. ना चित्रफीत, ना दूरदर्शन. त्या खेळीचा धावांगणिक साक्षीदार गुणलेखकाची वही. १९८३ च्या विश्वचषकात टनब्रिज वेल्सला कपिल देव यांनी काढलेल्या नाबाद १७५ धावांचीही चित्रफीत नाही, हे आपण जाणताच. आणि तो तर कालपरवाचा काळ.

या वह्यांची किंमत ओळखणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. आनंदजी डोसा हे १९१६ साली जन्मलेले मुंबईकर आकडेतज्ज्ञ. त्यांनी हयातभर पुस्तके, कात्रणे आणि धावफलक जमविले, आणि आपला संग्रह क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वाधीन केला. वसंत रायजी हे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. थोडे प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले, नायडूंवर पुस्तक लिहिले आणि शंभर वर्षांचे होऊन २०२० साली निवर्तले. दोघेही गुजराती भाषक, पण मुंबईच्या क्रिकेटचे दफ्तर त्यांनी सांभाळले. मराठी माणसाने हे काम दुसऱ्या क्षेत्रात केले होतेच. पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे अशा घरगुती वस्तू जमवून, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते शासनास दिले. अडकित्त्यात इतिहास असतो हे त्यांनी आपल्याला शिकविले. त्याच पुण्यात सहकारनगर भागात रोहन पाटे यांनी २०१२ साली क्रिकेटचे खास संग्रहालय उघडले. उद्घाटन सचिन तेंडुलकर यांनी केले. नामवंतांच्या बॅटी आणि पोशाख पाहण्यास मुलांना तेथे अवश्य न्यावे. आमचे मत विचाराल तर आम्ही त्या बॅटींपेक्षा एखाद्या जुन्या वहीपुढे अधिक वेळ उभे राहू. पण मुलांना हे सांगून उपयोग नाही.

वस्तू घरात राहिली की ती सुरक्षित, असेही नाही. रंगा सोहोनी हे महाराष्ट्राचे अष्टपैलू खेळाडू १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर होते. तेथे ब्रॅडमन यांनी त्यांना आपली हिरवी टोपी भेट दिली. ती पाऊणशे वर्षे कुटुंबात राहिली आणि २०२६ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात चार लाख डॉलरांहून अधिक किमतीस लिलावात गेली. ज्याची वस्तू त्याला तिच्या विक्रीचा अधिकार आहे, याबद्दल आमची तक्रार नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुना ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज यांना १९७२ च्या पुरातन वस्तुविषयक कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही, एवढे मात्र आपल्या ट्रंकांचे मालक म्हणून आपण ध्यानी ठेवावे.

जेथे पैसा तेथे लबाडी. अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याने १९९० नंतरच्या दशकात खोट्या स्वाक्षऱ्यांचा एक मोठा कारखाना उघडकीस आणला. जप्त मालात चक्क मदर तेरेसा यांच्या सहीचे बेसबॉल निघाले! कोलकात्याच्या माउलीला बेसबॉलवर सही करावयास कोणी लावले, हा प्रश्न गिऱ्हाइकांना पडला नसावा. म्हणून जाणते संग्राहक सहीच्या आधी सहीची वाट विचारतात. ही बॅट कोणाकडून कोणाकडे आली, कोणत्या साली, सोबत एखादे पत्र वा छायाचित्र आहे काय? बॅटीच्या लाकडावरील रेषा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या निरनिराळ्या असतात. जुन्या छायाचित्राशी त्या ताडून पाहता येतात. संघाच्या छापील कागदावरील सह्या पुष्कळदा छापलेल्याच असतात, तेव्हा भिंगाखाली शाईचा दाब दिसतो की ठिपके दिसतात, तेही पाहावे.

जपणुकीचे थोडे सांगतो, कारण भिलाईचा उन्हाळा आणि छत्तीसगडचा पाऊस हे दोन्ही कागदाचे वैरी आहेत. सही उन्हात उडते. चौकटीत लावलेली बॅट खिडकीसमोर टांगू नये. चिकटपट्टी कदापि लावू नये, ती पिवळी पडून कागद घेऊन निघते. कागद लॅमिनेट करून घेण्याची जी हौस आपल्याकडे आहे ती आवरावी. एकदा प्लॅस्टिकमध्ये बसलेला कागद पुन्हा सुखरूप निघत नाही. वर्तमानपत्राच्या कात्रणाला स्वतःचेच आम्ल खाते, म्हणून त्याची छायाप्रत करावी आणि कात्रण इतर कागदांपासून निराळे ठेवावे. ट्रंक जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवावी. वाळवीस सुवर्णमहोत्सव कळत नाही.

आता मंडळाची गोष्ट. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतर नागपूर, अमरावती, पुणे येथून जी कुटुंबे या गावी आली त्यांच्यासोबत क्रिकेटही आले. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झाले. २१ जानेवारी २०२३ रोजी रायपूरला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला आणि न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला. आपल्यापैकी अनेक जण तो पाहण्यास गेले होते. पण त्याआधीच्या साऱ्या वर्षांत आपल्या मुलांनी या गावच्या मैदानांवर जे सामने खेळले त्यांचा कागद कोठे आहे?

कार्यकारिणीच्या अनुमतीने आम्ही ग्रंथालयात एक जाड वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी अशी वस्तू असेल त्यांनी ती मंडळास द्यावी असा आमचा आग्रह नाही. वस्तू घरीच राहू द्या. वहीत मात्र वस्तूचे नाव, ती कोणाची, कोठून आली, आणि तिच्याविषयी घरात काय सांगितले जाते, एवढे मराठीत लिहावे. आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत. एका भगिनीने सासऱ्यांच्या रेडिओवरील धावफलकांची वही नोंदविली आहे. एका सद्गृहस्थांनी कारखान्याच्या दोन विभागांतील सामन्याचा चेंडू नोंदविला आहे. सामना कोणी जिंकला याविषयी त्यांचे व त्यांच्या बंधूंचे मतभेद आहेत, तेव्हा दोघांचीही बाजू लिहून घेतली आहे. रायपूरच्या सामन्याची तिकिटे ज्यांच्याकडे असतील त्यांनी या आठवड्यातच छायाप्रत करून घ्यावी, कारण उष्णतेने छापलेल्या तिकिटांची शाई काही वर्षांत पुसट होते. ग्रंथालय सायंकाळी सहा ते आठ उघडे असते, आणि वहीसोबत पेन दोरीने बांधून ठेवलेले आहे.