गाठीतला उणे आकडा

सीटी स्कॅन बनवणारा हॉन्सफील्ड डॉक्टर नव्हता, इंजिनियर होता. त्याच्या मापात पाणी ०, हवा उणे १०००. फुप्फुसातल्या गुळगुळीत गाठीत उणे ४० ते उणे १२० आकडा आला, म्हणजे चरबी. बहुधा हॅमार्टोमा, कॅन्सर नव्हे. मक्याच्या लाहीसारखं कॅल्शियम दिसलं तर आणखी खात्री.

पण पुष्कळ हॅमार्टोमांत चरबी दिसतच नाही. माझ्या खालाची गाठ तशीच होती. थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या लिहून मिळाल्या. मोहल्ल्याने तर कॅन्सर ठरवूनच टाकला होता! शेवटी सुईने तुकडा काढला. नाकात असते तशी कूर्चा निघाली.

जुना एक्स-रे घरात असेल तर फेकू नका. गाठ दोन वर्षांत वाढली की नाही, हे डॉक्टर त्याच्याशीच ताडून पाहतात.