ग्रंथालयांची देवघेव



कितीही संपन्न ग्रंथालय असो, त्याला सर्वच ग्रंथ विकत घेता येत नाहीत. विकसनशील देशांत ही अडचण दुहेरी होते. परदेशी संशोधन-नियतकालिकांची वर्गणी डॉलर-पौंडांत भरावी लागते आणि रुपया घसरला की तेवढ्याच रकमेत कमी अंक येतात. यावर उपाय देवघेवीचा. व्यापारी पेढ्यांना ही रीत नवी नाही. एका गावी लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावी वटत असे, ती पेढ्यांना एकमेकींची पत ठाऊक असल्यामुळे. ग्रंथालयांना मात्र विश्वासाच्याही आधी एक गोष्ट ठाऊक असावी लागते : कोणाकडे काय आहे?

या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर महाराष्ट्रातच मिळाले होते. प्रा. हरि दामोदर वेलणकर यांनी ठिकठिकाणच्या भांडारांच्या याद्या एकत्र करून जैन ग्रंथांची वर्णानुक्रमे नोंद केली आणि कोणत्या ग्रंथाची हस्तलिखिते कोणत्या संग्रहात आहेत, हेही दर्शविले. हा ‘जिनरत्नकोश’ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९४४ साली प्रसिद्ध केला. संगणक नसतानाही संयुक्त तालिका होऊ शकते, याचा हा पुरावा होय.

दिल्लीत १९८८ साली सुरू झालेल्या ‘डेलनेट’ने हेच काम संगणकावर आणले. सभासद ग्रंथालय संयुक्त तालिकेत पुस्तक शोधते आणि ज्याच्याकडे ते असेल त्याच्याकडून मागवून घेते. नावातील ‘दिल्ली’ जाऊन पुढे ‘डेव्हलपिंग’ आले, आद्याक्षरे तीच राहिली. ब्राझीलने आणखी एक पाऊल टाकले. साओ पाउलो येथे १९६७ पासून लॅटिन अमेरिकेतील वैद्यकीय ग्रंथालयांना जोडणारे केंद्र होतेच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सायेलो’ प्रकल्पाद्वारे त्या देशांनी स्वतःची नियतकालिके विनामूल्य खुली केली. केवळ इतरांचे ज्ञान आयात करणे म्हणजे अर्धाच व्यवहार, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार त्याच वाटेवरचे आहे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० संस्था! हिशेब केला तर प्रत्येक संस्थेमागे वर्षाला सरासरी ३२ लाख रुपये होतात. घाऊक खरेदीचा लाभ उघड आहे. परंतु मंजूर योजना सरकारी व्यवस्थापनाखालील उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांची आहे. तालुक्याच्या वाचनालयात बसून स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी तिच्या बाहेरच राहतो.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि अनुदानित ग्रंथालये हजारोंनी आहेत. तरीही शेजारच्या गावात कोणते पुस्तक आहे, हे वाचकाला घरबसल्या क्वचितच कळते. दोष केवळ पैशाचा नाही. मराठी ग्रंथाचे नाव एक ग्रंथालय देवनागरीत नोंदवते, दुसरे रोमन लिपीत आपल्या मर्जीने, आणि संगणकाला ती दोन निराळी पुस्तके वाटतात. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. पुस्तक हरवले तर साठापडताळणीत जाब ग्रंथपालाला द्यावा लागतो. मग तो ते परगावी कशाला पाठवील? कुलूप लावलेले कपाट त्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित! हरवणाऱ्या थोड्या पुस्तकांचा भार संस्थेने सोसावा, अशी तरतूद झाल्याशिवाय कोणतेही जाळे चालणार नाही. कापडाच्या दुकानातही काही वार नमुन्यांत जातातच. त्यासाठी कोणी गुमास्त्याचा पगार कापत नाही.

प्रारंभ लहान असला तरी चालेल. एका तालुक्यातील पाच वाचनालयांनी एकाच पद्धतीने, देवनागरीत, आपापल्या दुर्मीळ व संदर्भग्रंथांच्या याद्या करून परस्परांना द्याव्यात आणि टपालखर्च कोणी सोसायचा ते आधीच लिहून ठेवावे. कथा-कादंबऱ्या तूर्त वगळल्या तरी बिघडत नाही. त्या बहुतेक ठिकाणी असतातच.