टाळी आणि तिकीट

भाकऱ्या उरकल्या असतील, जनावरांना वैरण पडली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आज मी कर्ज, व्याज, बँकेचं खातं यातलं काही घेऊन आलेली नाही. आज गाड्यांच्या शर्यतीची गोष्ट सांगणार आहे. गाडी पळवणारी बाई आहे, म्हणून ती आपल्या कामाची.

तिचं नाव शर्ली मल्डाउनी. अमेरिकेतली. जन्म १९४० सालचा, म्हणजे वयानं आपल्या आजीच्या बरोबरीची. पण गोष्ट तिच्या तरुणपणापासूनची आहे, म्हणून मी एकेरीतच सांगते.

आधी ही शर्यत कसली ते समजून घेऊ. आपल्याकडे बैलगाड्यांची शर्यत असते, विदर्भात तिला शंकरपट म्हणतात. बैल सरळ पळतात, वळणं नाहीत, आणि सेकंदासेकंदाचा हिशेब होतो. अमेरिकेत मोटारगाड्यांची अशीच एक सरळ शर्यत आहे. तिला ड्रॅग रेसिंग म्हणतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. समोर दिव्यांचा खांब असतो. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा लागला की सुटायचं. हिरव्याच्या आधी सुटलात तर लाल दिवा लागतो आणि तुम्ही बाद. अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. जिंकेल त्यानं पुढच्या फेरीत जायचं, हरेल त्यानं घरी.

यातली सगळ्यात जोरदार गाडी म्हणजे टॉप फ्युएल. लांबलचक, निमुळती. मागची चाकं भली मोठी, पुढची बारीक. तिच्यात आपलं पेट्रोल चालत नाही, नायट्रोमिथेन नावाचं जहाल इंधन लागतं. शर्लीच्या उमेदीच्या काळात या गाड्या पाव मैलाचं अंतर सहा सेकंदांच्या आसपास कापायच्या. शेवटी वेग तासाला चारशे किलोमीटरच्या घरात जायचा. थांबायला नुसता ब्रेक पुरत नाही, मागून पॅराशूट उघडावं लागतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. प्रत्येक धावेनंतर चालकाला एक छापील चिठ्ठी मिळते. सुटायला किती वेळ लागला, पोचायला किती लागला, वेग किती होता, सगळं तिच्यावर असतं. घड्याळाला गाडीत बाई आहे की बाप्या, हे ठाऊक नसतं.

शर्ली न्यूयॉर्क राज्यातल्या शेनेक्टडी गावात वाढली. शाळेत मन रमेना. सोळाव्या वर्षी जॅक मल्डाउनीशी लग्न झालं. सोळाव्या वर्षी लग्न ही काही आपण घ्यावी अशी गोष्ट नाही, ते सोडून द्या. पण नवरा गाड्यांचा जाणकार होता. त्यानं तिला चालवायला शिकवलं, तिच्यासाठी गाड्या बांधल्या. आधी रस्त्यावर, मग शर्यतीच्या पट्टीवर, अशी तिची सुरुवात झाली. जॉन नावाचा मुलगाही झाला. पुढे १९७२ मध्ये नवरा-बायको वेगळे झाले, पण गाडी तिनं सोडली नाही.

तिथं शर्यतीत उतरायला परवाना लागतो. तो देणारी मोठी संघटना म्हणजे नॅशनल हॉट रॉड असोसिएशन. टॉप फ्युएल चालवायचा परवाना मिळवणारी पहिली बाई शर्लीच. साल १९७३. त्याआधी ती दुसऱ्या प्रकारची गाडी चालवायची. तिच्या इंजिनाला आगी लागल्या, ती भाजली. तरी ती हलक्या गाडीकडे वळली नाही, त्याहून जोरदार गाडीकडे गेली.

आता तिच्या चाहत्यांचं सांगते. सुरुवातीला लोक तिला बघायला यायचे ते नवल म्हणून. बाई गाडी पळवते म्हणे, चला बघू. तिला एक लाडाचं नावही पडलं होतं, ‘चा चा’. आपल्या हिंदीतला चाचा नव्हे, त्या नावाचा एक नाच आहे. तिची गाडी गुलाबी, अंगावरचे शर्यतीचे कपडे गुलाबी. जत्रेत पाळणा बघायला गर्दी व्हावी तशी गर्दी व्हायची.

पण ही गर्दी फुकट नव्हती, मैत्रिणींनो. प्रत्येक माणूस तिकीट काढून आत आलेला होता. पुढे शर्लीनं स्वतःच सांगितलं आहे की संघटनेनं तिला पावलोपावली अडवलं, पण ती आली की बाकं भरतात हे दिसल्यावर त्यांचा सूर बदलला. बाईला पुढे आणावं असा साक्षात्कार कुणाला झाला नव्हता. लोकांनी खिशात हात घातला, म्हणून दार उघडलं.

दार उघडलं तरी आत टिकायला मात्र नवल पुरत नाही. तिथं ती चिठ्ठी लागते. १९७६ मध्ये ओहायो राज्यातल्या कोलंबसला तिनं संघटनेची मोठी राष्ट्रीय शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी, १९७७ ला, ती टॉप फ्युएलची वर्षभराची अजिंक्य ठरली.

मग लोक काय म्हणाले असतील? तुम्ही ओळखलंच असेल. आपल्याकडे सरपंचबाईंनी काम चांगलं केलं की लोक म्हणतात, मागून नवरा बघतो सगळं. तसंच तिथं झालं. कॉनी कलिटा नावाचा नावाजलेला चालक तेव्हा तिचा जोडीदार होता आणि गाडीची तयारी तोच बघायचा. डोकं कॉनीचं, शर्ली फक्त बसते, असं बोलणारे निघाले. नंतर दोघांचं बिनसलं, वाटा वेगळ्या झाल्या. शर्लीनं आपली टोळी उभी केली. रान टोबलर नावाचा मेकॅनिक होता, मुलगा जॉन होता. या टोळीच्या बळावर तिनं १९८० चं अजिंक्यपद घेतलं. टॉप फ्युएलचं वर्षभराचं अजिंक्यपद दोनदा घेणारं तिच्याआधी कुणीच नव्हतं, पुरुषांतही नाही. १९८२ मध्ये तिसरं घेतलं. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या सगळ्यात मानाच्या शर्यतीत अंतिम फेरीत तिच्यासमोर कोण उभं होतं? कॉनी कलिटा. शर्ली जिंकली. डोकं कुणाचं, हा वाद त्या दिवशी चिठ्ठीनं मिटवला.

आता तिला ‘चा चा’ म्हटलेलं खपेना. ते नाव तिनं टाकून दिलं. अशा लाडिक नावाला या खेळात जागा नाही, असं ती ठणकावून सांगायची. रंग मात्र गुलाबीच ठेवला. म्हणजे बाईपण लपवायचं नव्हतं तिला. त्याची गंमत केलेली नको होती, एवढंच. स्वभावानं ती फटकळ. अधिकारी असो की दुसरा चालक, तोंडावर बोलायची. काहींना ती भांडखोर वाटायची, चाहत्यांना तीच भावायची. डॉन गार्लिट्स हा त्या काळचा सगळ्यात नामांकित चालक. तिच्याशी त्याचे पट्टीवर आणि शब्दांनीही खटके उडायचे. पण तिच्या परवान्यासाठी सही करणाऱ्यांत तोही होता, आणि तिच्याबद्दल आपल्याला किती आदर आहे हे त्यानं जाहीरपणे सांगितलं आहे.

१९८३ मध्ये तिच्या आयुष्यावर ‘हार्ट लाइक अ व्हील’ नावाचा चित्रपट आला. वाटलं असेल, आता सगळं सुखाचं. पण पुढच्याच वर्षी, १९८४ च्या जूनमध्ये, कॅनडात माँट्रियलजवळच्या सानएअरच्या पट्टीवर तिच्या पुढच्या चाकाची ट्यूब निघाली आणि चाकाभोवती गुंडाळली गेली. गाडी चारशेच्या वेगात होती. ती पट्टीबाहेर गेली, तुकडे झाले. शर्लीचे दोन्ही पाय चिरडले, कमरेचं हाड मोडलं, हातांची दशा झाली. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. पुन्हा चालायला शिकावं लागलं. वय चव्वेचाळीस. आपल्यातली कुणीही म्हणाली असती, बास झालं बाई, आता घरी बस. १९८६ मध्ये ती पुन्हा गाडीत बसली. आणि १९८९ मध्ये तिनं संघटनेची आणखी एक राष्ट्रीय शर्यत जिंकली. अशा एकूण अठरा जिंकल्या.

आता जो भाग फारसा कुणी सांगत नाही तो सांगते. एवढी मोठी खेळाडू, पण पैशाची ओढाताण काही सुटली नाही. टॉप फ्युएलची गाडी म्हणजे पैसे खाणारं यंत्र. एकेका धावेनंतर इंजिन खोलून पुन्हा जोडावं लागतं. कंपन्यांनी गाडीवर नाव लावायला पैसे दिले तरच वर्षभर सगळ्या शर्यती खेळता येतात. तसा मोठा आणि टिकाऊ आधार तिला सहज मिळाला नाही. तेव्हा नव्वदच्या दशकात तिनं काय केलं? गावोगावच्या पट्ट्यांवर ठरवून लावलेल्या लढती केल्या. पट्टीचा मालक ठरलेले पैसे देणार, हिनं येऊन गाडी पळवायची. मालक पैसे का देई? शर्ली येणार म्हटलं की तिकिटं खपत. कंपन्यांनी दिलं नाही ते चाहत्यांनी दिलं, दहा-वीस डॉलर करत करत. आपल्या गटाच्या बचतीसारखंच की हे! २००३ मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, तिनं निरोप घेतला, तोही शर्यतीत पळूनच. त्याआधी २००१ मध्ये संघटनेनं आपले आजवरचे पन्नास मोठे चालक निवडले. त्यात शर्ली पाचवी होती. बायांत पाचवी नव्हे, सगळ्यांत पाचवी.

आज तिथं बाया सर्रास पळवतात. तरी टॉप फ्युएलचं अजिंक्यपद दुसऱ्या एका बाईनं, ब्रिटनी फोर्सनं, मिळवलं ते २०१७ मध्ये. मधे पस्तीस वर्षं गेली. पहिली बाई झाली म्हणजे वाट मोकळी झाली, असं नसतं.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते? आपल्याच प्रभागातली एक वहिनी आहे. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलंय. गटातून कर्ज काढून तिनं जुना छोटा हत्ती घेतला. पहिल्या दिवशी नारळ फोडला, हार घातले, फोटो निघाले. गावातली पहिली बाई ड्रायव्हर म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे महिनाभर भाडंच नाही. टोमॅटोवाले म्हणायचे, वहिनी, रात्रीचं जायचंय, तुम्हाला नाही जमायचं. दोन हप्ते थकले. शेवटी ग्रामसंघाच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, “फोटोला समद्या आलात. मग आपल्या मसाल्याची पोती कुणाच्या गाडीतनं गेली?” कुणाकडेच उत्तर नव्हतं.

त्या बैठकीत ठरलं, गटांचा माल हिच्याच गाडीतनं जाईल. दर बाजारभावाचा, ना एक रुपया जास्त, ना एक रुपया कमी. आणि तिनं एक वही घातली. तारीख, माल, निघाली किती वाजता, पोचली किती वाजता, डिझेल किती, नुकसान काही झालं का. चार महिन्यांनी एका टोमॅटोवाल्याचा नेहमीचा ड्रायव्हर आला नाही. तिनं वही दाखवली आणि रात्री दोनला निघून माल वेळेत बाजारात उतरवला. आता तोच तिला आदल्या दिवशी फोन करतो. थकलेले हप्ते फिटले. तिची तिसरी वही चालू आहे.

शर्लीची चिठ्ठी आणि वहिनीची वही, एकच गोष्ट आहे. नाव तिथं तयार होतं. पण धावायलाच मिळालं नाही तर चिठ्ठी कुठून येणार? म्हणून टाळी वाजवणारी बाई आणि तिकीट काढणारी बाई, यांत फरक आहे. टाळीनं मन भरतं, तिकिटानं हप्ता फिटतो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हजेरी झाली की पाच मिनिटं काढा. आपल्या गावात कोण बाई काय करते, त्याची यादी करा. कुणी गाडी चालवते, कुणी शिलाई करते, कुणी मंडप घालते, कुणी मोटार दुरुस्त करते. प्रत्येक नावापुढे लिहा, गेल्या तीन महिन्यांत आपल्यापैकी किती जणींनी तिला पैसे देऊन काम दिलं. हार-नारळाचं लिहू नका. आणि जी काम करते तिला सांगा, वही घाल. कोरी वही गटाच्या पैशातनं द्या.

सचिवताईंनी यादी जपून ठेवावी. मी फेरीला आले की बघायला मागणार आहे.