पावणेचार फुटांची उंची

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून हॉलिवूडच्या एका अत्यंत कमी उंचीच्या नटाविषयी आम्ही बोलणार, हे ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु या नटाचे मोठे कर्तृत्व पडद्यावरचे नव्हे. विखुरलेल्या माणसांचे एक मंडळ त्याने उभे केले, ते आहे. म्हणून आजच्या दिवशी त्याचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये, असे आम्हांस वाटते.

बिली बार्टी हा तो नट. अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्यात, मिल्सबरो या गावी, २५ ऑक्टोबर १९२४ रोजी त्याचा जन्म झाला. हाडांच्या वाढीतील जन्मजात दोषामुळे त्याची उंची पावणेचार फुटांवर थांबली. कुटुंब कॅलिफोर्नियात आले आणि बिली बालवयातच चित्रपटांत दिसू लागला. १९३३ साली 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३' प्रदर्शित झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. भूमिका मात्र होती बाबागाडीतून निसटणाऱ्या खोडकर तान्हुल्याची. १९३५ च्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये तो परीराज्यातला एक चिमुकला सेवक झाला. पुढे बहिणींसह त्याने रंगमंचावर गाण्याबजावण्याचे कार्यक्रम केले आणि १९५० च्या दशकात स्पाइक जोन्सच्या विनोदी वाद्यवृंदात लिबराची या पियानोवादकाची नक्कल करून लोकांना पोट धरून हसवले.

त्या काळच्या चित्रसृष्टीत अशा माणसांना काम मिळत नव्हते, असे नाही. १९३८ साली 'द टेरर ऑफ टायनी टाऊन' हा घोडेस्वारांचा चित्रपट सर्वस्वी कमी उंचीचे नट घेऊन निघाला. त्याच वर्षी 'द विझर्ड ऑफ ऑझ'साठी शंभराहून अधिक असे कलावंत एकत्र आणले गेले. पण मागणी होती ती त्यांच्या उंचीला. राक्षस, परी, तान्हे मूल, विदूषक यांपैकी काहीही होण्याची त्यांना मुभा होती. पोस्टमन, शिक्षक, कुणाचा तरी नवरा होण्याची नव्हती. चित्रण संपले की ती मंडळी पांगत, आणि आपापल्या गावी प्रत्येक जण पुन्हा एकटाच उरे.

हे एकटेपण बार्टीने हेरले. १९५७ साली नेवाडा राज्यातील रेनो येथे त्याने कमी उंचीच्या माणसांना एकत्र बोलावले. जमले अवघे वीस-एकवीस जण. त्यातूनच 'लिटल पीपल ऑफ अमेरिका' ही देशव्यापी संस्था जन्मास आली. आरंभी संस्थेच्या नावात 'मिजेट' हा शब्द होता. तमाशा दाखवणाऱ्यांनी रूढ केलेला तो शब्द सभासदांनी थोड्याच वर्षांत टाकून दिला. आपल्याला कोणी काय म्हणावे, हे प्रथमच त्यांचे त्यांनी ठरवले. आमच्या मराठीतही 'बुटबैंगण' हा शब्द आहे. तो ऐकणाऱ्याला कसा लागत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या संस्थेच्या मेळाव्यांत काय घडत असे? कपडे कोठे शिवावेत, मोटारीच्या पायट्या पायाला कशा पुरवाव्यात, नोकरीच्या मुलाखतीस कसे सामोरे जावे, याची देवाणघेवाण होई. विवाह जुळत. मूल कमी उंचीचे जन्मल्याने धास्तावलेल्या आईबापांना तेथे सुखाने संसार करणारी प्रौढ माणसे भेटत. बहुधा तेच सर्वांत मोठे औषध ठरे. व्हिक्टर मॅक्युसिक यांच्यासारख्या आनुवंशिकीतज्ज्ञांनाही या मेळाव्यांतून अभ्यासाची वाट मिळाली. १९७५ मध्ये बार्टीने याच कार्यासाठी स्वतःच्या नावे एक प्रतिष्ठानही काढले.

त्याने विनोद मात्र सोडला नाही. १९७८ च्या 'फाउल प्ले'मध्ये एका बुटक्या खुन्यापासून सावध राहण्याचा इशारा नायिकेला मिळतो, आणि दारी आलेल्या निरुपद्रवी बायबलविक्रेत्यालाच ती झोडपून काढते. तो विक्रेता म्हणजे बार्टी. प्रेक्षक खदखदून हसतात. पण चूक त्याची नसून पाहणाऱ्याच्या नजरेची, हे त्या हास्यातच दडलेले आहे. १९७५ च्या 'द डे ऑफ द लोकस्ट'मधील त्याचा भांडखोर एब कुसिक पाहिला म्हणजे या नटाचे अंग केवळ विनोदाचे नव्हते, हेही कळते. २३ डिसेंबर २००० रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

मित्रहो, त्याचे एकटेपण आणि आपले परकेपण एकच, असे म्हणणे उचित होणार नाही. आपण परप्रांतीच्या गर्दीत मिसळून जाऊ शकतो. त्याला ते कधीच साधले नाही. पण चार माणसांत बसल्यावर स्वतःविषयी खुलासा करावा लागू नये, यातले सुख आपल्याला ठाऊक आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ सुरू केले, त्यांना याहून वेगळे काय हवे होते?

म्हणूनच एक विनंती करतो. गणेशोत्सवातील आपल्या नाटकांत ठेंगणा मुलगा नेहमी विदूषक होतो, जाड मुलगा खादाड होतो आणि अडखळत बोलणारा पडदा ओढतो. येत्या उत्सवात त्यांच्यापैकी एखाद्याला राजा होऊ द्या. आपले मंडळ त्याचेही आहे, हे त्याला तेव्हा कोणी सांगावे लागणार नाही.