नाडी, मोबाईल आणि मनाची धास्ती

कॅमेऱ्यावर बोट टेकले, की मोबाईल नाडीचे ठोके सांगतो. प्रत्येक ठोक्यासरशी बोटातले रक्त कमीजास्त होते, तसा रंग पालटतो. त्यावरून तो मोजतो. बोट हलले, की आकडा चुकला!

स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. भीतीने ते वाढतात, अन् वाढलेला आकडा पाहून भीती आणखी वाढते. शंका असेल, तर दिवसातून वीसदा बोट टेकवू नका. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात तपासून घ्या.

मात्र छातीत कळ, घाम, धाप असेल, तर आकडा ठीक दिसला तरी थांबू नका. हृदयविकाराचा झटका त्या आकड्यात दिसत नाही. लागलीच १०८ ला फोन करा.

गुरुजींनो, एवढे गावात जरूर सांगा.