मोठा टीव्ही घेण्याआधी

हातातलं काम थांबवू नका. भाकऱ्या थापता थापता ऐकलं तरी चालेल, कारण आजचं बोलणं भाकरीपर्यंत जाणारच आहे.

आज टीव्हीबद्दल बोलायचं आहे. बचत गटाच्या कार्यक्रमात टीव्ही कशाला, असं कुणाच्या मनात येईल. पण आमचा टीव्हीशी संबंध कर्जाच्या वहीतून आला. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या एका गटात एका ताईंनी २०,००० रुपये कर्ज मागितलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं 'घरखर्च'. तो घरखर्च म्हणजे ५५ इंची टीव्ही, हे बैठकीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. शेळी घ्यायला कर्ज मागितलं तर आम्ही चार प्रश्न विचारतो: कुठून घेणार, विमा काढणार का, चारा कुठला. टीव्हीला एकही प्रश्न विचारला नाही. मनात होतं, तिची हौस आहे, आपण कशाला मोडता घाला. ठराव झाला, सह्या झाल्या. महिना एक टक्का व्याज, २० हप्ते.

ताईंनी पदरचे तीन हजार घातले आणि बाजाराच्या दिवशी टेम्पोतून विकायला आलेला टीव्ही घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरात '४के' लिहिलेलं होतं. बिल मिळालं नाही, एक छापील कार्ड मिळालं. टीव्ही घरी लावला आणि पहिल्याच संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्या जुन्या डब्यातच बरं दिसायचं." सगळ्यांना वाटलं, आजींचे डोळे गेले. आजींचे डोळे ठीक होते. चित्र खरंच फिकं आणि पुसट होतं. पाच महिन्यांनी पडद्यावर उभ्या रेघा आल्या, मग निम्मा पडदा काळा झाला. कार्डावरचा फोन लागेना.

टीव्ही का बिघडला ते आपल्याला कळणार नाही. पण पहिल्या दिवशी चित्र पुसट का दिसलं, ते मात्र कळण्यासारखं आहे.

टीव्हीवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. रांगोळीचे ठिपके समजा. साध्या दर्जाच्या वाहिनीच्या एका चित्रात साधारण चार लाख ठिपके असतात. फुल एचडी म्हणजे २० लाखांच्या वर. ४के म्हणजे जवळजवळ ८३ लाख. आता टीव्ही ४केचा घेतला आणि त्याला चित्र चार लाख ठिपक्यांचं दिलं, तर बाकीचे ठिपके टीव्ही अंदाजानं भरतो. शिवाय ५५ इंची पडदा ३२ इंचीच्या जवळजवळ तिप्पट मोठा असतो. पीठ एका भाकरीचं आणि थापायची तिप्पट मोठी, तर काय होईल? विरणार. टीव्हीचंही तेच होतं. म्हणून दुकानात जाण्याआधी घरात चित्र कुठून येतंय ते बघायचं, आणि मग पडदा केवढा ते ठरवायचं. आम्ही हे उलट्या क्रमानं केलं.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. घरावर काठीला ॲल्युमिनियमचा अँटेना, एक जण वर, एक जण दारात, एक जण टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. आमच्या भागात टीव्ही आला तो नंतर, आणि मुंग्या येणाऱ्या चित्रासकट आम्ही तो आवडीनं पाहिला. ते जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारं जुनं प्रक्षेपण दूरदर्शननं टप्प्याटप्प्यानं बंद केलं. २०२२ सालापर्यंत काही मोजकी ठिकाणं सोडली तर ते संपलं. केबलही शहरांपासून सुरुवात करून २०१७पर्यंत डिजिटल झाली. आता वायर नुसती टीव्हीत खुपसून चित्र येत नाही, मध्ये सेट-टॉप बॉक्स लागतो. डिजिटलमध्ये मुंग्या येत नाहीत. चित्र एक तर स्वच्छ येतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन थांबतं. मुसळधार पावसात असं झालं तर छपरावर चढू नका. पाऊस ओसरला की ते आपोआप येतं.

तेव्हा अफवाही खूप उठल्या. "आता डिजिटल झालं, जुना टीव्ही चालत नाही," असं सांगून भंगारवाल्यांनी शे-दोनशे रुपयांत चांगले चालते टीव्ही उचलले. आमच्यातल्या दोघींनी दिले. हे खोटं आहे. मागे लाल, पिवळी, पांढरी पिन लावायची भोकं असतील तर जुना जाडा टीव्हीही सेट-टॉप बॉक्सवर चालतो. टीव्ही चांगला असेल आणि घरात माणसं चार असतील, तर नवा घ्यायलाच हवा असं काही नाही.

आता चित्र येण्याच्या वाटा. पहिली वाट दूरदर्शनची फ्री डिश. २००४च्या डिसेंबरात ती सुरू झाली. छत्री आणि बॉक्स यांचे पैसे एकदाच, नंतर महिन्याचं भाडं नाही. आपल्याकडे ही छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसते, म्हणजे घरात चूल असते ती दिशा. त्या बाजूला लिंब किंवा नारळ असेल तर बसवणाऱ्याला आधीच सांगा, नाहीतर पालवी फुटली की चित्र जातं. नवा बॉक्स घेताना एमपेग-४चा आहे का एवढं विचारा, कारण जुन्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या आहेत. त्यावर ३२ इंची टीव्ही छान दिसतो. आमच्या त्या ताईंकडे फ्री डिशच होती, आणि बसायची खोली नऊ फूट.

दुसरी वाट पैसे भरायची डिश किंवा केबल. त्यात एचडी मिळतं, पण बॉक्स एचडीचा हवा आणि वाहिनीही एचडीची घ्यावी लागते, तिचे पैसे वेगळे. फेब्रुवारी २०१९पासून आपल्याला हव्या त्या वाहिन्या सुट्या निवडता येतात. केबलवाला "हाच पॅक आहे" म्हणाला तरी सुट्या वाहिन्यांची यादी मागा. आमच्या एका गटातल्या सातजणींनी एकत्र जाऊन मागितली, तेव्हा मिळाली. एकटीला मिळाली नव्हती.

इथंच एक बारीक गोष्ट, जी आम्हाला कुणी सांगितली नव्हती. एचडी बॉक्स घेतला, एचडी टीव्ही घेतला आणि दोन्ही जोडले त्या जुन्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांनी, तर चित्र साधंच येतं. त्या पिनांतून एचडी जातच नाही. त्यासाठी एचडीएमआय नावाची चपट्या तोंडाची वायर लागते. आम्ही पाच घरं फिरून बघितली. दोन घरांत एचडीचे पैसे दर महिन्याला जात होते आणि वायर जुनी होती. ती बदलली तेव्हा त्या घरातली पोरं ओरडलीच. आणखी एक. जुन्या चौकोनी चित्राला टीव्ही आडवं ताणतो, मग मालिकेतली सून एका रात्रीत जाडी होते. रिमोटवर चित्राचा आकार बदलायचं बटण असतं, तिथं ४:३ करा.

तिसरी वाट मोबाइलची. स्मार्ट टीव्हीला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडता येतं, पण एचडी चित्र तासाला दोन-तीन जीबी खातं. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक अर्ध्या सिनेमात संपतो. गावात फायबरची लाइन आली असेल तर गोष्ट वेगळी.

आता आमचा दुसरा टीव्ही. हो, एवढं झाल्यावर या दिवाळीनंतर ग्रामसंघानं सभागृहासाठी टीव्ही घेतला, आणि तोही ५५ इंची. पण या वेळी आम्ही आधी बसून विचार केला. सभागृह १६ फूट लांब. मागे बसणाऱ्या बायांना प्रशिक्षणाच्या व्हिडिओतली अक्षरं दिसायला हवीत. आणि चित्र येणार पेनड्राइव्ह किंवा लॅपटॉपमधून, तेही फुल एचडी. जो आकार त्या ताईंच्या घरात चुकला, तो इथं बरोबर होता.

आकार ठरवायला आम्ही रद्दी वापरली. टीव्हीचे इंच कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून अंदाज येत नाही. ३२ इंची म्हणजे साधारण ७१ सेंटीमीटर रुंद, ४० उंच. ४३ इंची म्हणजे ९५ आणि ५४. ५५ इंची म्हणजे १२२ आणि ६९. जुनी वर्तमानपत्रं जोडून तिन्ही मापांचे कागद कापले, भिंतीवर चिकटवले आणि मागच्या ओळीत जाऊन बसलो. आमच्या एका आजी घरी जाऊन स्वतःच्या भिंतीवरही कागद लावून आल्या. म्हणाल्या, "४३ लावला तर देव्हारा झाकतोय." त्यांचा प्रश्न फुकटात सुटला.

दुकानात तिघी गेलो. तिघी असलं की दुकानदार घाई करत नाही. तिथं टीव्हीवर जे झगझगीत फूल आणि समुद्र दाखवतात, ते खास ४केमध्ये बनवलेलं असतं. आम्ही म्हटलं, "दादा, सह्याद्री वाहिनी लावा." त्याचा चेहरा जरा पडला, पण लावली. मग खरं काय दिसणार ते कळलं. आवाजही तेव्हाच ऐका. पातळ टीव्हीचा आवाज बऱ्याचदा खोल येतो, आणि घरी चुलीपर्यंत ऐकू गेलं नाही तर आपल्याला उपयोग काय?

कराचंही बघून ठेवा. ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्के झाला. ३२ इंची आणि त्याहून लहान टीव्हीवर तो आधीपासूनच १८ होता. म्हणून "जीएसटी उतरला म्हणून ३२ इंची स्वस्त केला" असं कुणी सांगितलं तर फक्त हसा. हप्त्यानं घेणार असाल तर आधी विचारा, "रोख दिले तर कितीला?" बिनव्याजी हप्ता म्हणतात, पण रोखीची सूट जाते, वर फाइलचे पैसे लागतात. ती बेरीज करा आणि मग गटाच्या एक टक्क्याशी ताडून बघा. बरेचदा आपला गटच स्वस्त पडतो.

पक्कं बिल घ्याच. बिलावरचा मॉडेल नंबर आणि अनुक्रमांक टीव्हीच्या मागच्या पट्टीशी जुळवून बघा. कंपनीचा दुरुस्तीवाला आपल्या तालुक्यापर्यंत येतो का, हे दुकानात उभं राहून कंपनीला फोन करून विचारा. बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. बिलच नसेल तर काय सांगणार?

आणताना टीव्ही उभाच आणायचा, आडवा झोपवायचा नाही, पडद्यावर ओझं तर बिलकूल नाही. फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही. आमच्या सभागृहाचा टीव्ही दोघी जणी टेम्पोत धरून उभ्या होत्या, नवरीसारखा आणला. मातीच्या भिंतीत खिळे मारून टांगू नका, भक्कम टेबलावर ठेवा. वीज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा, आणि वीज कडाडायला लागली की टीव्हीचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढा. मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. १२० वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला १८ युनिट होतात. ५० वॅटचा असेल तर साडेसात.

जुना जाडा टीव्ही खरंच बंद पडला असेल तर तो फोडू नका, पोरांना तर हातच लावू देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या.

आमच्या ग्रामसंघात आता टीव्हीच्या कर्जालाही प्रश्न विचारतो. रकान्यात 'घरखर्च' लिहायचं नाही, 'टीव्ही' लिहायचं. लाज कसली? दिवसभर राबणाऱ्या बाईला संध्याकाळी तासभर काही बघावंसं वाटलं, तर ती काही चोरी नाही. चित्र कुठून येणार, खोली किती फुटांची, बिल कुठल्या दुकानाचं, एवढं सांगितलं की मंजूर. गेल्या महिन्यात दोघींना मंजूर केलं. एकीनं ३२ इंची घेतला. दुसरीनं हिशेब मांडल्यावर कर्ज न घेता नुसती ती चपटी वायर घेतली.

त्या ताईंनी तेरा हप्ते भरलेत, एकही चुकवला नाही. सात राहिलेत. ते व्याज माफ करायचं का, हा विषय येत्या बैठकीत आहे. आमच्यातल्या काहीजणी म्हणतात, माफ केलं तर उद्या सगळ्याच मागतील. काहीजणी म्हणतात, तिच्या कागदावर आपल्या सगळ्यांच्या सह्या आहेत. टीव्ही अजून त्यांच्या भिंतीला टेकून उभा आहे, वरून जुनी साडी टाकलेली. सासूबाई रोज संध्याकाळी आमच्या सभागृहात येतात आणि पहिल्या ओळीत बसतात.

येते आता. नमस्कार.